आपली माणसं

शनिवार, १४ सप्टेंबर १९९६, सनीव्हेल

आजही घर ठरलं नाही. पहिलं घर आवडलं, तिथेच तर घोळ झाला. ऑफिस चालत जाण्याइतकं जवळ, आणि जिन्यात चक्क फोडणीचा वास. विद्याला असंच हवंय. दोन महिन्यांनी ती येईल. मी कामावर गेल्यावर ती दिवसभर कुणाशी बोलणार?

तिथल्या शेजारच्या काका-काकूंनी चहाला बोलावलं. "सोमवारी आमच्याकडे आरतीला या हं," काका म्हणाले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! मग काकूंनी विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" सांगितलं. "अच्छा, अच्छा," म्हणत त्यांनी माझा कप उचलला आणि आत गेल्या. अर्धा चहा होता त्यात.

काकांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. मग म्हणाले, "फ्रीवेपलीकडे बघा ना. तुम्हाला तेच बरं पडेल."

काकूंना वाटलं असेल माझा चहा संपला. असेल का? नागपूरला असतो तर दोन शब्द सुनावून, जयभीम म्हणून उठलो असतो. इथे "थँक्यू काकू" म्हणून आलो. शी!

पलीकडचंही बघितलं. कुणी काही विचारत नाही, कुणी बोलतही नाही. खिडकीतून नुसता पार्किंग लॉट. विद्या वेडी होईल तिथे.

तो अर्धा चहा काही डोक्यातून जात नाही.

आत्ताच तिचा फोन येऊन गेला. "ते जवळचं घर बघितलंस? आपली माणसं आहेत ना रे तिथे?"

नाही म्हणालो. खोटं बोललो असं वाटलं नाही.