घडी न पडलेलं मियोक

सोमो बेट,
५ मार्च १९९१

चि. बो-योंगला बाबांचे अनेक आशीर्वाद.

पहिलं बाळंतपण माहेरीच, यात विचारायचं काय? खोलीच्या जमिनीखालचं धुराडं मी स्वतः साफ केलं. आता ऊब चारही कोपऱ्यांत सारखी पोचते, हात लावून पाहिली. बाळंतिणीच्या सुपाचं मियोक शेवाळ आईने आणलंय, माझ्या उंचीएवढं. भाव केला नाही, दुमडलंही नाही. तसं केलं की बाळंतपण अडतं. नावं दोन काढलीत, एक याच्यासाठी, एक पुढच्यासाठी. शनिवारच्या बोटीने ये.

तुझी वाट पाहणारे,
बाबा

ग्वांगजू,
११ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

मी येत नाही. आधी पूर्ण वाचा, मग रागवा. माझे पाय सुजलेत, रक्तदाब वाढलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झटके येऊ शकतात, आणि बेटावर ना रक्त मिळतं, ना शस्त्रक्रियेची सोय. मग त्यांनी विचारलं, तुमची काय इच्छा? नवऱ्याला नाही, सासूबाईंना नाही, मला. मी म्हटलं, इथेच. इंजिनच्या दाबाचा काटा लाल पट्ट्यात गेला की आपली बोट धक्का सोडत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत ना?

आणि दुसरं नाव जपून ठेवू नका. मूल एकच, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. सासूबाई तोंड फुगवून बसल्यात. तुम्हीही फुगवा, पण पत्र पाठवा.

तुमची हट्टी,
बो-योंग

सोमो बेट,
१६ मार्च

चि. बो-योंगला अ. आ.

फुगवलंच तोंड. काल जेवताना तुझ्या आईने विचारलं, काटा लाल पट्ट्यात असताना तुम्ही कधी बोट सोडलीत का? मी म्हटलं, इंजिन वेगळं, पोरगी वेगळी. ती म्हणाली, हो ना, इंजिन नवीन मिळतं! मी भात परत वाढून घेतला.

तिथेच राहा. काटा दिवसातून किती वेळा पाहतात, ते विचारून कळव. आई मियोक घेऊन निघाली. कोणी काहीही म्हणो, दुमडायचं नाही, असं तिला धक्क्यापर्यंत बजावत गेलो.

तुझ्या काळजीत,
बाबा

ग्वांगजू,
२७ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

मुलगी झाली! पोट कापावं लागलं, पण दोघी सुखरूप आहोत. काटाही उतरतोय.

बसवाला आईला म्हणाला, घडी करा नाहीतर उतरा. आईने मियोकचं वेगळं तिकीट काढलं! ते खिडकीशी उभं, शेजारी आई. एक आजोबा जागा मागायला आले. बाळंतिणीचं आहे कळल्यावर मियोकलाच वाकून नमस्कार करून उभे राहिले.

एकही घडी नाही, तरी बाळंतपण अडलं. आता दोष कोणाचा, ते तुम्हीच सांगा. सूप मात्र मी भांडं पुसून प्यायले. नाव कळवा.

तुमच्या नातीची आई,
बो-योंग

सोमो बेट,
२ एप्रिल

चि. बो-योंगला आणि चि. दा-ओनला अ. आ.

होय, नातीचं नाव दा-ओन. दोष मियोकचा नाही. बसमध्ये तुझ्या आईला डुलकी लागली असणार आणि ते वाकलं असणार. ती कबूल करायची नाही.

दुसरं नाव वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही. आज आपल्या बोटीला रंग दिला आणि पुढच्या बाजूला स्वतःच्या हाताने लिहिलं, सो-दम. तुझ्या सासूबाईंना निरोप दे: दुसरं नातवंडही आलं, वजन चार टन, प्रकृती उत्तम.

दोन नातवंडांचा आजोबा,
तुझे बाबा