कोणाची हरकत आहे का

बाई, इतक्या वर्षांनी तुमच्याशी भांडायला बसलो आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आधी जेवून घे, भांडण कुठी पळून नाई चाल्लं. जेवलो आहे. लाखोळीचं वरण होतं. सुनेला ते तुमच्यासारखं जमत नाही, पण तसं म्हणायची घरात सोय नाही.

नातवंडं विचारतात, आबा, तुम्ही ख्रिस्ती कसे झाले? मी सांगतो, बायबलबाई बाजारात आली, पिशवीतून पुस्तक काढून वाचायला लागली, आणि मला पटलं. अशी गोष्ट लोकांना आवडते, आणि लाकूड विकून विकून मला गोष्टही विकता येते. खरं म्हणजे तुम्ही काय वाचत होतात ते मी ऐकलंच नव्हतं. देश स्वतंत्र होऊन पाच-सात वर्षं झाली असतील. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. मी लाकडाच्या डेपोत सागवानाचे ओंडके उलटवणारा विशीतला गडी. आईबाप कुठल्या साथीत गेले, कुठल्या गावचे होते, कोणालाच ठाऊक नव्हतं. लाकूड वाहणाऱ्या बंडीवाल्यांनी ज्याच्या-त्याच्या चुलीवर वाढवलं. आणि आपल्या मुलखात तांब्या पुढे करायच्या आधी माणूस विचारतो, "कोन होय गा तू?" म्हणजे जात सांग. मी ओंजळ मागे घेत असे. तुम्ही त्या दिवशी बाजारात पाणी दिलंत आणि विचारलं नाहीत. पाणी पिऊन झालं तरी मी वाट पाहत उभा होतो. माझे कान तिखट, बाई. ओंडक्यावर कुऱ्हाडीची उलटी बाजू मारली की आत पोकळ आहे की भरीव ते मी आवाजावरून सांगत असे. तुम्ही न विचारलेला प्रश्नसुद्धा मला ऐकू आला.

मग रविवार तुमच्याकडचे झाले. तुमची ती कौलारू खोली, धुरानं काळी पडलेली फळी, आणि एका रविवारी त्या फळीवर तुमच्या ताटाशेजारी उभं केलेलं नवं जर्मनचं ताट. "हे तुह्यं," एवढंच म्हणालात आणि चूल फुंकायला खाली बसलात; बसता-उठता तुमचा गुडघा कटकन वाजायचा. मी आयुष्यात तोवर पानावर किंवा दुसऱ्याच्या ताटात जेवलो होतो. जेवणाआधी प्रार्थनाघरात उपासना. मी चटईच्या कडेला बसतो, गाणी येत नाहीत म्हणून नुसतं तोंड हलवतो. शेजारी कोणी जंगलातल्या गावचा, कोणी सिरोंच्याकडून आलेला, अर्धं तेलुगू बोलणारा. सगळ्यांचे गुडघे एकमेकांना लागलेले. मला वाटायचं, पुन्हा कोणी "कोन होय" म्हटलं की सांगावं, मी या चटईवरचा. म्हणून पाळकसाहेबांना म्हटलं, बाप्तिस्मा द्या.

आपल्या मंडळीची रीत तुम्हाला काय सांगायची. बाप्तिस्म्याआधी माणसाला पुढे उभं करायचं आणि सगळ्यांना विचारायचं, कोणाची हरकत आहे का? हरकत कधीच कोणाची नसते. एखादं लेकरू रडतं, पाळक पुढच्या ओळीला जातात. मी मागून आणलेला पांढरा सदरा घालून उभा होतो. बायकांच्या बाजूला गुडघा वाजला. वळून पाहायच्या आधीच मला कळलं तो कोणाचा.

"माही हरकत आहे," तुम्ही म्हणालात. "याले देव नाई पायजे, साहेब. याले घर पायजे. घर तं त्याले भेटलंच आहे. देवासाठी येईल तवा द्या."

काऊन, बाई? जिनं मला आणलं तिनंच? दुसरं कोणी उठलं असतं तर मी सोसलं असतं. मी तसाच उन्हात निघून गेलो. घर मागणं म्हणजे काय चोरी होती? ज्यांना जन्मतःच घर मिळतं त्यांना देव वेगळा दिसत असेल. मला तर दोघं एकाच दारात उभे दिसत होते, आणि ते दार तुम्हीच उघडलं होतंत.

पुढच्या रविवारी मी आलो तो नुसत्या हट्टानं. म्हटलं, बघू द्या यांना. चटईवर बसलो तर शेजारचा म्हातारा सुतार, जो वर्षभर माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, तो म्हणाला, "इकडं सरक, तिथी ऊन येते." उपासनेनंतर पाय आपोआप तुमच्या खोलीकडे वळले. ताट फळीवरच होतं, घासलेलं. तुम्ही वाढलंत, मी जेवलो. मला वाटलं, आता काही बोलाल. तुम्ही विचारलंत, "मीठ बरोबर आहे का?" बाई, त्या मिठाचा राग मला त्या हरकतीपेक्षा जास्त आहे.

तो राग काढायला तुम्ही वेळच दिला नाहीत. त्याच वर्षी थंडीत तापानं गेलात. मूठमाती द्यायला घरचं कोणी पुढे या, असं पाळकसाहेब म्हणाले, आणि घरचं म्हणून तुमचं कोणीच नव्हतं. मी मागे उभा. बाप्तिस्मा नाही म्हणजे हिशेबानं बाहेरचाच. त्या सुतारानं मागून ढोसलं. "जा ना गा. तुही माय होय का आमची?" मी गेलो. माती गार होती.

उन्हाळ्याच्या तोंडाला मला पुन्हा उभं केलं, पुन्हा तोच प्रश्न. मी कान बायकांच्या बाजूला लावले. लेकरू रडलं, पाळक पुढच्या ओळीला गेले. इतका मोकळा रस्ता आयुष्यात कधी मिळाला नव्हता, आणि तुम्ही तिथे नाही याची मला चीड आली. हरकत घ्यायला तरी यायचं होतंत.

आता माझी स्वतःची आरा मशीन आहे, मंडळीत पंच आहे, बसायला खुर्ची देतात. ती मी नाकारतो. कंबर धरते, तरी चटईवरच बसतो. कोणी नवा माणूस माझ्याकडे आला की मी तुमचंच वाक्य तुमच्याच आवाजात त्याला ऐकवतो, देवासाठी ये म्हणून, आणि घरी येऊन स्वतःवर चिडतो.

हे पोष्टात टाकायचा प्रश्न नाही. सून समजते मी मशीनचा हिशेब लिहितो आहे, समजू द्या. एवढंच सांगायचं राहिलं होतं. त्या दुसऱ्या वेळी तुमचा गुडघा पुन्हा वाजला असता, तर मी पुन्हा उठून गेलो असतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा येऊन बसलो असतो. देवासाठी की घरासाठी, ते मला अजून सांगता येत नाही. लोकांना मात्र सांगतो की येतं.