कानाची शाळा

९ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे? माझं इकडे छान चाललंय.

मोठी बातमी म्हणजे, दर आठवड्याला ईमेलने जाणारी माझी पत्रिका, 'कानाची शाळा', आता माझ्याच घरातून निघते. आधी ती ज्या कंपनीमार्फत जायची, तिने काही न सांगता माझं खातं बंद केलं. भाड्याच्या घरात खिळा ठोकायचीही चोरी, तशातली गत. शेजारचे निवृत्त टेलिफोन इंजिनिअर म्हणाले, "आता स्वतःचं बिऱ्हाड थाटा." त्यांनी एक जुना कॉम्प्युटर शिकवणीच्या खोलीतल्या कपाटावर बसवला. त्यातलं सॉफ्टवेअर कुणा एकाच्या मालकीचं नाही. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय, कुणीही उघडून बघावं, हवं तसं बदलावं. ते तासन् तास समजावतात, मी मान हलवते. आमचं उत्तम जमतं.

पहिला अंक सगळ्यांच्या स्पॅममध्ये गेला. नव्या पत्त्यालाही नव्या सुनेसारखी आधी ओळख पटवावी लागते म्हणे. ती पटवली, आणि दुसऱ्या खेपेला मी घोळ घातला. फक्त स्वतःला पाठवायची चाचणी सगळ्यांना गेली. मजकूर एवढाच, 'हॅलो, ऐकू येतंय का?' दुपारपर्यंत उत्तरांचा पाऊस. 'येतंय बाई, बोला.' एका आजोबांनी तर कानाचं मशीन लावून वाचलं म्हणे.

मी खूप हसले. मग थोडी रडले.

परवा तुझं नाव यादीतून गळालेलं दिसलं. नाव काढताना कारण विचारतात, तिथे तू लिहिलंयस, 'जगाला पत्रं लिहायला वेळ आहे, बहिणीचा फोन उचलायला नाही.' तुला वाटलं असेल हे कुठल्यातरी कंपनीच्या फायलीत पडेल. आता कंपनी मीच आहे गं.

ताई, वेळ नव्हता असं नाही. आवाज नव्हता. उन्हाळ्यात गळ्यात गाठ निघाली. साधीच होती, काढली, घाबरू नकोस. पण तिच्याबरोबर आवाज गेला तो अर्धाच परतलाय. बोलता येतं. गाता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. शिकवणी बंद करताना मुलींना सांगितलं, गाणं नाही तर ऐकणं शिकवते, आणि लिहायला बसले. त्यांना सांगता आलं. तुला नाही. आईच्या माघारी सगळ्यांशी भांडून मला गाण्याला घातलंस ते तू. तुझ्या कानावर हा फाटका आवाज घालायची हिंमत होत नव्हती. फोन वाजायचा, तुझं नाव दिसायचं, आणि मी गॅसवर काहीतरी ठेवलंय असं स्वतःलाच सांगून स्वयंपाकघरात जायचे.

तुझं नाव मला परत घालता येतं. इंजिनिअर म्हणाले, "मालकीण तुम्ही, एक कळ दाबा." मी नाही म्हटलं. ज्याला यायचंय त्याने आपणहून यावं, एवढा एकच नियम आमच्या शाळेला आहे.

रविवारी सकाळी फोन कर. उचलीन. पलीकडून कुणी पुरुष बोलतोय असं वाटलं तर ठेवू नकोस, मीच असेन. आणि रडायचं असेल तर आत्ताच रडून घे. रविवारी मला तुझ्याकडून शिव्या खायच्यात, पोटभर.

तुझी,
आवाज बसलेली, पण बाकी ठणठणीत
धाकटी