खूण घेतल्यासारखं

३ डिसें.
खडकीच्या ग्राउंडवर सॉफ्टबॉलचा सराव सामना. माझ्या हातून तीन बॉल निसटले. मी बोटांनी ड्रॉपची, म्हणजे खाली पडणाऱ्या बॉलची, खूण केली, पिचर ऋतानं मान डोलावली आणि टाकला राइज, वर चढणारा. डोक्यावरून गेला. कोच सर सगळ्यांसमोर : "कॅचर आहेस की प्रेक्षक?" ऋता लेस बांधत बसली. बांधलेलीच लेस.

५ डिसें.
कळलं एकदाचं. खुणा सर देतात, बेंचवरून. टोपीला हात म्हणजे राइज, कानाला म्हणजे ड्रॉप. पिचरला माहीत, कॅचरला नाही! सरांना विचारलं तर, "तुला सांगितलं की तुझ्या चेहऱ्यावर दिसतं." म्हणजे आता चेहराही माझाच चुकला. शी.

६ डिसें.
आज मी नुसती मूठ धरली. एकही बोट नाही. ऋतानं बघितलं, गंभीरपणे मान डोलावली, बॉल टाकला. सात वेळा. इतकी खोटारडी मान मुलगी बघायच्या कार्यक्रमातसुद्धा पाहिली नाही.

८ डिसें.
अंपायर बाईंना गाठलं. पिचरनं तिच्या प्लेटवर उभं राहून, हात वेगळे ठेवून, कॅचरची खूण घ्यायची हा नियम ना? बाईंनी चष्मा लावून पुस्तक काढलं.
"घ्यायची, किंवा घेतल्यासारखं दाखवायचं."
"म्हणजे नाटक चालतं?"
"चालतं. घाईनं बॉल टाकू नये म्हणून नियम आहे, तुमच्या मैत्रीसाठी नाही."
बाई बरोबर होत्या. त्याचाच जास्त राग आला.

११ डिसें.
अंगठा सुजलाय. राज्य संघाची निवड चाचणी परवा. निसटलेले बॉल माझ्या नावावर लागतात, तिच्या नाही. आई म्हणे, सोडून दे. चार वर्षं काय पाट्या टाकल्या?

१२ डिसें.
ऋता आली होती. विश्रांतवाडीपर्यंत, स्कूटीवरून, कधी नव्हे ते. चाचणीला कोच लोकांना आत सोडणार नाहीत म्हणे.
"उद्या कुठला टाकायचा ते तूच सांग गं. मला एकटीला नाही ठरवता येत."
आईनं पोहे दिले, ते खाल्ले. सॉरी नाही. आणि मी? "हो, सांगते की!" लगेच. हसून. तिची किळस येत होतीच, आता माझीही.
उद्या समोरच्या टीममध्ये आहेत त्या पोरी राइज, उंच बॉल, झोडतात. तोच मागितला तर फटके ऋताच्या नावावर लागतील. आणि कुठे येणार ते मला ठाऊक असेल, म्हणजे माझ्या हातून एकही निसटणार नाही.
हे मला हो म्हणतानाच सुचलं होतं. तिच्यासमोर. हसत असताना.