शनिवारचं पाणी

सोमवार, १० मार्च

प्रिय बेडके,

तू खुशाल असशील असं धरून चालते. गुडघे सोडले तर इकडेही सगळं ठीक. पत्र लिहिण्यास कारण आहे, पण ते सांगायला मला नेहमीसारखा वेळ लागणार.

आपल्या पोहण्याच्या तलावाला आता काचेचं छत झालंय. सकाळी मी बाकावर बसून राहते. उजेड पाण्यात उतरतो, पाण्यातून पुन्हा भिंतीवर चढतो, आणि मी जागी आहे की नाही तेच कळेनासं होतं. मुली मुलांच्या शेजारी पोहतात, कोणी वळूनही बघत नाही. परवा एकीला सांगितलं, आमच्या वेळी बायकांना आठवड्यातून एकच तास, शनिवारी दुपारी. रविवारी भरलेलं पाणी शुक्रवारपर्यंत पुरुषांचं वापरून झालं की मग आम्ही. ती म्हणाली, "म्हणजे शिळं?" मी म्हटलं, ताटातलं काय नि तलावातलं काय, उरलंसुरलं बाईच्याच वाट्याला.

बायकांसाठी ताजं पाणी मागणारा तुझा अर्ज आठवतो. बत्तीस सह्या, पहिली तुझी, चित्रकलेच्या बाईंना शोभेल अशी वळणदार. माझी नव्हती. बाबा तलावाचे रखवालदार, राहायची खोलीही तलावाचीच. तू सही करू नकोस, असं तूच म्हणालीस. तलाव समितीच्या चिटणीसांनी अर्ज वाचून विचारलं, बायकांना पोहायचंय की पाणी प्यायचंय? सगळी समिती हसली.

आणि मग तो शनिवार. स्वप्नात मी अजून तिथेच असते. पाणी निळं. हिरव्या पाण्यात कधीच न दिसलेला तळ दिसतोय, पांढऱ्या फरशीवर काळी रेघ. आपल्याला बेडकी आणि दगड ही नावं ठेवणाऱ्या शिंपीणकाकू कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून खाली बघत होत्या. "अगं, माझीच पावलं," म्हणाल्या. बराच वेळ कुणी पोहलंच नाही. तू तेवढी तळाशी जाऊन त्या रेघेवरून हात फिरवून आलीस.

सोमवारी चौकशी. शुक्रवारी तलाव बंद झाल्यावर तळाची झडप कोणी उघडली, नवं पाणी कोणी सोडलं? बाबा तापाने अंथरुणात होते, पण किल्ली त्यांची, म्हणून संशय त्यांच्यावर. मी दाराशी उभी होते, हात पाठीमागे. झडपेचं चाक गंजलेलं होतं, तळव्यांना फोड आले होते. तू वळून माझ्याकडे पाहिलंस, लपवलेल्या हातांकडे पाहिलंस, आणि समितीला म्हणालीस, "झडप मी उघडली."

हे पुढचं वाक्य लिहायला मला एक्केचाळीस वर्षं लागली. झडप मी उघडली होती.

चोर सोडून संन्याशाला फाशी. बाईमाणसाला न शोभणारं वर्तन म्हणून शाळेने तुला नोकरीवरून काढलं. बाबांची नोकरी राहिली, खोली राहिली, आणि मी तोंडातून ब्र काढला नाही. तू गाव सोडलंस तेव्हा लाजेपायी निरोपालाही आले नाही. पुढच्या वर्षी समितीने मुकाट्याने शनिवारी सकाळीही पाणी बदलायला सुरुवात केली. तू ते पाणी पाहिलं नाहीस.

आता कारण. नव्या व्यवस्थापक बाई भिंतीवर पाटी लावतायत. झडप उघडणारी म्हणून तुझं नाव, आणि पडदा ओढायला मी. खोट्या पाटीवरचा पडदा माझ्याने ओढवणार नाही. गुन्हा होता तेव्हा गप्प बसली, मान मिळतोय तर पुढे सरसावली, असं लोक म्हणतील. म्हणू देत. मी सगळ्यांसमोर सांगणार आहे की हिने झडप उघडली नव्हती, उघडणारीला वाचवलं होतं. चाक फिरवायला मला तासभर लागला, तुझं मात्र सगळं आयुष्य फिरलं.

येत्या शनिवारी, दुपारी बाराला. तुला हे नको असेल तर पत्राने कळवू नकोस, मी ते फोडणार नाही. मला गप्प बसवायचं असेल तर समोर येऊन बसव. पोहायचे कपडे आण. पाणी त्याच सकाळी भरतील.

तुझी,
तू शिकवलंस म्हणून अजून तरंगणारी,
दगड