दादा सोडून सगळे फोटोत

उमरगा

तीर्थरूप आण्णासाहेब मामांना वैजनाथचा वाकून नमस्कार, मामींनाही सांगावा. आम्ही इकडं बरे आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो? फोनवर आपल्या दोघांनाही बोलणं जमत नाही (मागच्या वेळी आपण बराच वेळ नुसतं "बरं, मग" म्हणत होतो), म्हणून हे पत्र.

दादांचं पहिलं पुण्यस्मरण जवळ आलं. त्यासाठी फोटो मोठा करून घ्यायचा होता. ज्याचा दिवस जत्रांमधली भजनं, गोंधळ, कव्वाल्या यांचे फोटो काढण्यात आणि साप्ताहिकात त्यांच्या बातम्या लिहिण्यात जातो, त्याला स्वतःच्या वडिलांचा एक फोटो सापडायला कितीसा वेळ लागणार, असं वाटलं होतं. सापडलाच नाही. दादांच्या भजनी मंडळाचे फोटो ढीगभर आहेत. गाणारे व्यंकटराव प्रत्येकात पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे ताठ. मृदंगवाले भीमाशंकर दोन्ही हात जोडून, म्हणजे वाजवायचं सोडून. टाळकरी टाळ मांडीवर ठेवून हसताहेत. आणि पेटीमागं दादांची टोपी. चेहरा एकाही फोटोत नाही. आपल्याकडं कॅमेरा दिसला की माणूस हातातलं टाकून नीट बसतो, हे तुम्ही जाणताच (तुम्हीही बसता). दादा तेवढे नेमकी मान खाली घालायचे. पोरानं बँकेतली नोकरी सोडून हे काम धरलं, ते त्यांना बघवत नाही, असं मी धरून चाललो. विचारलं कधी नाही. आमच्या घरात विचारायची पद्धत नाही.

शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा केला. आई बघून म्हणाली, "हे कोण? चोरी करताना धरल्यागत दिसतंय. उतरव ते." मग मी फ्लेक्सवाल्याला मंडळाचाच एक फोटो दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि अदबीनं म्हणाला, "साहेब, टोपीला हार घालायचा का?" मी उद्या येतो म्हणून निघालो.

तेवढ्यात सोनारीला काळभैरवाच्या देवळात मंडळाचं भजन होतं. बातमी करायची म्हणून गेलो. दादांच्या जागी अजून कुणी बसत नाही, पेटी नुसती पुढं ठेवतात. भजन चांगलं रंगलं होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि व्यंकटरावांनी अर्ध्या ओळीत थांबून उपरणं सारखं केलं, टाळ मांडीवर गेले, भीमाशंकरांनी हात जोडले. देवळात काही म्हणजे काही वाजेना. पुढं बसलेल्या धुरपताबाई म्हणाल्या, "का रं फोटोवाल्या, देव काय तुझं फोटू बघायला बसलाय व्हय? तुझा बाप व्हता तवर गाणं चालू तरी ऱ्हायचं." सगळे हसले, व्यंकटरावही. मी फोटो न काढता मागं जाऊन बसलो. (बातमीत 'भजन रंगले' एवढंच लिहिलं. ते खोटं नव्हतं.)

घरी येऊन ते सगळे फोटो पुन्हा बघितले. सगळे माझ्याकडं बघताहेत. दादांचा एक हात भात्यावर आणि दुसरा सुरांवर. इतकी वर्षं मी फोटो काढत होतो आणि गाणं कधी तुटलं नाही, याचं मला नवल कसं वाटलं नाही, कोण जाणे.

आईला हे सांगितलं. तिनं त्यातला एक फोटो निवडला आणि म्हणाली, "ह्योच लाव. ह्यात वळखू येत्यात." तर फोटोचं मिटलं. बाकी काही विशेष नाही. प्रकृतीला जपावं.

आपला,
वैजनाथ

ता. क. पुण्यस्मरणाच्या दिवशी मंडळ घरी येणार आहे. दादांनी पेटी शिकवली ती तुम्हा एकट्यालाच ("मेव्हण्याला शिकवलं, बहिरा झालो," असं ते म्हणायचे, पण हसून). पेटी मी पुसून ठेवली आहे. तुम्ही बसाल का? मी फोटो काढीन तेव्हा सगळे थांबतील. तुम्ही थांबू नका, आणि वर बघू नका.

पुन्हा ता. क. गुडघ्याची सबब चालणार नाही, पेटीसाठी उंच टेबल आणलं आहे. मामींना म्हणावं, नवा सदरा शोधत बसू नका. टोपी मात्र धुतलेली असू द्या. फोटोत तेवढीच येणार आहे.