बोर्डावरचा लाल ठिपका

जुन्नर, मंगळवार संध्याकाळ

आज कांतिशेठच्या भांड्यांच्या दुकानाचा बोर्ड लागला. मी केलेला. इतके दिवस शेठचं एकच पालुपद, "ताई, सगळा लालच करा. लाल उठून दिसतो." पण आमच्या पेठेत झाडून सगळे बोर्ड लाल. मग उठून दिसणार कोण? मी बोर्ड दुधी ठेवला, अक्षरं राखाडी, आणि कोपऱ्यात परातीएवढा एकच लालभडक ठिपका. पहिल्या छपाईत तो विटकरी आला होता. त्यातला काळा रंग पार काढून टाकला, तेव्हा कुठे पेटला.

तरी बोर्ड चढवताना शेठचा चेहरा पडलेलाच. ठिपका लहान झाला का? दुपारभर डोक्यात तेच.

शेवटी मगाशी समोरच्या टपरीवर चहा घेत उभी राहिले. मुद्दामच. शेठ दारात उभे राहून फोनवर कुणाला तरी पत्ता सांगत होते, "नाव वाचत बसू नका, भाऊ. गल्लीत शिरलं की लाल ठिपका दिसंल, तेच आपलं दुकान."

मला बघितल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. पण मी ऐकलं होतं.